सतरा नंबरचा पंच

ग्राइंडिंग शेडमधल्या माझ्या भावांनो, आणि सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावून देणाऱ्या बायांनो,

तुमची एक तक्रार आहे आणि ती खरी आहे. उभ्या आयुष्यात पगारातून कापून घेतलेले जे पैसे हात थकल्यावर परत देऊ असं सरकार सांगतं, ते मागायला गेलात की तुम्हालाच चोरासारखं उभं केलं जातं. कधी मागायचं, कुठल्या खिडकीत मागायचं, आधी मागितलं तर किती बुडणार आणि थांबलं तर तोवर हात शाबूत राहणार का, हे कुणी धडपणे सांगत नाही. जो तो आपापल्या घरी, बायकोच्या तोंडाकडं बघत, एकटा ठरवतो आणि बहुतेक वेळा फसतो.

मी ह्या विषयावर उदंड भाषणं केली आहेत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, तुमच्या गेटवर उभी राहून बोलले, टाळ्याही घेतल्या. आज भाषण करत नाही. तुमच्यातला सतरा नंबर माझा धाकटा भाऊ. त्याची नि माझी, आणि एक माझ्या भावजयीचं, अशी पत्रं त्याच्या परवानगीनं तुमच्यासमोर ठेवते. वाचून झाली की एक काम सांगणार आहे.

११ जानेवारी

ती. ताईस, नमस्कार.

अक्षराला हसू नकोस. थंडीनं बोटं आखडली आहेत आणि पेनही भिकार आहे.

ऑफिसातून कागद आलाय. मला सत्तावन्न पूर्ण झाली, म्हणजे आता लवकर निवृत्ती घेता येते. खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, आज घेतलीत तर पेन्शन पाऊण, आणि ती जन्मभर पाऊणच, पुढं वाढत नाही. तुमच्या मागं बायकोला त्याच्या निम्मी. साठीपर्यंत थांबलात तर पूर्ण. मग माझ्या हातांकडं बघून म्हणाला, तिसराही रस्ता आहे, असमर्थता पेन्शन. मेडिकल बोर्डानं ‘काम करू शकत नाही’ असं लिहून दिलं तर आजपासूनच पूर्ण. मी म्हटलं, अहो, आम्ही काम करतो.

शेडमध्ये सगळं ठीक. रोजच्या ठरलेल्या नगांचं माप भरतंय. माझ्या शेजारच्या चाकावरचा तो उंच मानेचा, ज्याला सगळे उंट म्हणतात, तो तुझी आठवण काढतो. तुझी ताई अजून बोलते का, की बोलून बोलून घसा बसला, असं विचारत होता.

मला वाटतं साठीपर्यंत ओढावं. ही म्हणते, आधी ताईंना विचारा. म्हणून विचारतो.

तुझा
धाकटा

१९ जानेवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

पेनाला उगीच बदनाम करू नकोस. शाळेत तू फळ्यावर लिहायचास तेव्हा गुरुजी बाकीच्या पोरांना ते अक्षर गिरवायला लावत. ह्या पत्रात ‘ताई’ हा एवढासा शब्द दोन ओळींत सांडलाय. बोटं कधीपासून अशी झाली? फक्त थंडीतच पांढरी पडतात की उन्हाळ्यातही? ग्राइंडरची थरथर हाडांत शिरते, मग रक्त बोटांच्या शेंड्यापर्यंत पोचेनासं होतं, स्पर्श कळेनासा होतो, आणि गेलेला स्पर्श सहसा परत येत नाही. हे मी पुस्तकात वाचलंय. तू अंगावर वाचतोयस आणि मला कळवत नाहीस.

तू हिशेब नीट मांडलास, पण त्यातली एक गोष्ट सोडलीस. बोटांना काही कळत नसताना फिरत्या चाकाला हात लावून तुला साठीपर्यंत उभं राहायचंय. चाक तुझ्या साठीची वाट बघणार नाही.

लवकर निवृत्तीच्या कागदाला तर शिवूच नकोस. त्यावर एकदा सही झाली की असमर्थतेचं दार कायमचं बंद. नियम मी मागवून वाचलाय, बारीक अक्षरात शेवटच्या पानावर आहे, आणि कारकुनानं तुला तो सांगितलेला दिसत नाही. वहिनीचा विचार कर. पाऊण, आणि तुझ्या मागं पाऊणचं अर्धं. तेवढ्यात ती काय खाणार?

असमर्थता हा शब्द तुला टोचतो, ठाऊक आहे मला. पण ही भीक नाही, विमा आहे. दर महिन्याला तू तो भरलायस. घर जळाल्यावर विमा मागणाऱ्याला कुणी भिकारी म्हणत नाही. ज्यांनी तुझे हात वापरले, त्यांनी हातांची किंमत द्यायची. तेव्हा अर्ज कर आणि बोर्डासमोर ताठ मानेनं जा. आपल्या घरातलं कुणी साहेबासमोर वाकलेलं नाही. तूही वाकू नकोस.

तुझी
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस, नमस्कार.

तुझ्या शब्दाखातर अर्ज केला. अर्जात एक मोठी रिकामी जागा होती, ‘काय काय करता येत नाही ते लिहा’. येत नाही असं काही सुचेचना. शेवटी कारकूनच विचारायला लागला. चहाचा कप धरता येतो? म्हटलं, धरतो की. एका हातानं की दोन्ही? मी हात टेबलाखाली घेतले. त्यानं ‘दोन्ही’ लिहून टाकलं. वाईट माणूस नाही तो.

बोर्ड सतरा मार्चला आहे. सतरा नंबरवाल्याला सतरा तारीख, उंट म्हणतो शुभ आहे. तोच म्हणाला, तिथं शर्टाची बटणं लावायला सांगतात, त्याचा मेहुणा जाऊन आलाय. असो. तू म्हणालीस तसा ताठ जाईन.

तुझा
धाकटा

१७ मार्च

ती. ताईस, नमस्कार.

ताई, पास झालो.

दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वेळेच्या आधी जाऊन बसलो. आत तीन डॉक्टर. टेबलावर थोडी नाणी, एक कुलूप आणि किल्ली. नाणी उचला म्हणाले. उचलली. एक खाली पडलं, तेही वाकून उचललं. कुलूप उघडून दाखवलं. मग म्हणाले, शर्टाची बटणं काढून परत लावा. सगळी लावली, गळ्याचंसुद्धा. मधे बसलेल्या बाई म्हणाल्या, छान. नंतर विचारलं, कामाचं कसं चाललंय? मी म्हटलं, रोजचं माप पूर्ण आहे, शेडमध्ये कुणालाही विचारा. त्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर बाकावर येऊन बसलो तेव्हा हात गुडघ्यांवर थडथड उडत होते. पण आत एकदाही उडू दिले नाहीत. बाबा असते तर खूश झाले असते.

निकाल टपालानं येईल म्हणाले.

तुझा
धाकटा

६ एप्रिल

ती. वन्सं यांस, नमस्कार.

ह्यांना न सांगता लिहितेय. निकाल आला. ‘सर्व हालचाली समाधानकारक. कामाचे प्रमाण पूर्ण. असमर्थता आढळत नाही.’ बस, एवढंच.

तुम्ही रागावला असाल, पण तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नाही. ह्यांची बटणं रोज मी लावते. दोन हिवाळे होऊन गेले त्याला. बोर्डाची तारीख कळल्यापासून कामावरून आले की आरशासमोर उभे राहायचे आणि बटणं लावायचा सराव करायचे. घाम यायचा, शर्ट भिजायचा, पण सोडायचे नाहीत. मग म्हणाले, काजं थोडी मोठी करून दे. मी म्हटलं, अहो, तिथं जमत नाही हे दाखवायला जायचंय. तर म्हणाले, “तीन माणसं समोर बसून बघणार आणि मी बटण लागत नाही म्हणून रडवेला उभा राहू?”

काजं मीच कापली वन्सं, मीच शिवली. माणसाचा मान राहील असं वाटलं.

आता कागदावर हात चांगले ठरले म्हणून मुकादमानं ह्यांना मोठ्या ग्राइंडरवर घातलंय. आणि हे लवकर निवृत्तीचा तो कागद खिशात घेऊन फिरतात. येत्या सोमवारी सही करणार म्हणतात. तुम्ही लिहा. माझं ऐकत नाहीत, तुमचं शब्दाला शब्द ऐकतात. कधी कधी वाटतं, तिथंच घोटाळा झाला.

तुमची
वहिनी

९ एप्रिल

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

सही करू नकोस. आधी एवढं वाच, मग बाकीचं.

निकाल कळला. पहिला राग तुझ्यावर आला, मग बोर्डावर, आणि शेवटी मी वापरलेल्या शब्दावर. ताठ जा म्हणाले मी. मला म्हणायचं होतं, खरं सांगताना मान खाली घालू नकोस. तू मान वर ठेवलीस आणि खरं खिशात ठेवलंस.

तुझ्या एकट्याचं हे नाही. आपल्याला पहिल्या पगारापासून हेच शिकवलं गेलं की मुकादमासमोर दुखणं दाखवायचं नाही, दुखणारा माणूस उद्याचा बेकार. ज्या सवयीनं आजवर पगार टिकवला, तीच आता पेन्शन घालवते आहे. बोर्डाला तुझा चांगला दिवस नको होता रे. तुझी रोजची सकाळ बघायची होती, वहिनी बटणं लावते ती.

ह्या महिन्याअखेरपर्यंत अपील करता येतं. हात पुन्हा तपासतील. पण एक गोष्ट अडते आणि ती मलाही कळत नाही. ज्याला कप एका हातात धरवत नाही, तो रोजचं माप पूर्ण कसं घासतो? निकालात तेच वाक्य खिळ्यासारखं ठोकलंय. त्याचं उत्तर दिल्याशिवाय अपील उभं राहणार नाही. मला ते उत्तर दे.

तुझी
ताई

१४ एप्रिल

ती. ताईस, नमस्कार.

काल सही केली नाही, तुझ्या शब्दासाठी. पुढच्या शुक्रवारी करणार आहे. का ते सांगतो, मग हा विषय बंद.

आमच्याकडं प्रत्येकाचा आपल्या नंबराचा पंच असतो, बोटाएवढा लोखंडी ठसा. व्हॉल्व्ह घासून झाला की त्याच्या कडेवर पंच धरून हातोडी मारायची. ज्याचा नंबर, त्याचं काम. संध्याकाळी मुकादम नंबर मोजतो. आणि आमच्याकडं आमच्याही आधीपासूनची एक रीत आहे. कुणाला ताप असला, कुणाच्या घरात कुणी गेलं, तर आजूबाजूचे आपण घासलेल्या व्हॉल्व्हवर त्याचा पंच मारतात. उसना पंच म्हणतो आम्ही. कुणी मागत नाही, कुणी बोलून दाखवत नाही. संध्याकाळी तुझं माप भरलेलं असतं, झालं. मीही लोकांसाठी पुष्कळ मारलाय.

माझा पंच गेली दोन वर्षं उंटाच्या खणात आहे.

बाकीचेही मारतात, पण जास्त तोच. मी व्हॉल्व्ह उचलून देतो, पुसतो, मुकादम आला की चाकाशी उभा राहतो. आता मोठ्या ग्राइंडरवर गेलो तर तो आपलं आटपून तिथंही येतो.

सांग, अपिलात काय लिहू? माप माझं नव्हतं म्हणून? मग कुणाचं, असं विचारतील. नावं सांगू? खोटा पंच मारला म्हणून त्यांची चौकशी लागेल. ज्यांनी मला दोन वर्षं खांद्यावर वागवलं, त्यांना साहेबासमोर उभं करून मी पूर्ण पेन्शन घेऊ? नाही. पाऊण खाईन. हिलाही सांगितलंय. तिनं भांडी जोरात आपटली.

तू मोठी वक्ता आहेस. पण ह्यावर भाषण करू नकोस.

तुझा
धाकटा

१८ एप्रिल

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

भाषण करत नाही. तुझं म्हणणं मला खोडता येत नाही. खोडता आलं असतं तर रात्रीतून चार पानं लिहिली असती, मला ओळखतोस.

एकच विचारते. तुझ्या वाटणीचं घासकाम दोन वर्षं उंट करतोय, म्हणजे चाकाची थरथर तो दोघांची घेतोय. सही करायच्या आधी एकदा त्याचे हात बघ. मग तू जे करशील त्याला माझं हो आहे.

तुझी
ताई

२७ एप्रिल

ती. ताईस, नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. वाटलं, ही आता उंटाच्या आडून बोलतेय. पत्र घडी करून ठेवून दिलं. पण गुरुवारी चहाच्या सुट्टीत आम्ही नळावर हात धुतले आणि तो नेहमीसारखा खिशात हात घालून भिंतीला टेकला. त्याची ती ढबच आहे असं मी समजत होतो. सगळी शेड त्याला त्यावरून चिडवते, उंट बागेत फिरायला आलाय म्हणून.

मी म्हटलं, हात दाखव.

म्हणाला, “का, भविष्य बघतोस?”

मी म्हटलं, दाखव. तो काढेना. शेवटी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून ओढलं. तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी, शेंड्यापासून दुसऱ्या पेरापर्यंत. ताई, माझी अशीच सुरुवात झाली होती. मी त्याच्या बोटावर नख दाबलं. तो दुसरीकडं बघत होता आणि त्याला कळलंच नाही. बेचाळीस वर्षांचा आहे तो.

कधीपासून विचारलं, तर म्हणाला, गेल्या हिवाळ्यापासून. आणि मग अगदी सहज, उद्या कुणाची पाळी आहे ते सांगावं तसं म्हणाला, “तू आधी सुखरूप बाहेर पड. माझा पंच कुणी मारायचा ते ठरलंय.”

खरंच ठरलं होतं. माझ्यामागं त्यांनी आपापसात वाटून घेतलं होतं. माझं झालं की त्याचा पंच पलीकडचे दोघे घेणार. त्यांचं झालं की आणखी कुणी. म्हणजे माझे हात गेले ते मी त्याच्या हातांवर टाकले, त्याचे जातील ते तो पुढच्याच्या हातांवर टाकणार, आणि कागदावर सगळ्या शेडचे हात शाबूत. मी समजत होतो गप्प बसून त्यांना वाचवतोय.

मी त्याचा खण उघडून माझा पंच काढून घेतला. तो नको नको म्हणत होता, शेवटी शिवीही दिली. त्या दिवशी सतरा नंबराचे दोनच व्हॉल्व्ह निघाले, तेही वाकडे. मुकादम म्हणाला, हे काय? मी म्हटलं, “एवढंच होतं माझ्याकडून.”

ताई, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. मला वाटलं होतं लाज वाटेल. नाही वाटली.

शुक्रवारी त्याच खिडकीत गेलो आणि सही करण्याऐवजी अपील दिलं. माप माझं नव्हतं असं लिहिलंय. कुणाचं ते लिहिलेलं नाही, ते ज्याचं त्यानं सांगायचं. कारकून वाचून म्हणाला, साक्षीदार लागतील, एकट्याच्या सांगण्याला बोर्ड बहाणा म्हणेल. सुनावणी बारा मेला सकाळी.

मी कुणाला विचारणार नाही. मी मागितलं तर त्यातला एकही नाही म्हणणार नाही, म्हणूनच मला मागता येत नाही. तू विचार. तुला लोकांसमोर उभं राहायची सवय आहे. आपली पत्रं वाचून दाखवायची असतील तर दाखव, पास झालो तेही दाखव. ही म्हणाली, माझं काजांचं पत्र तेवढं नको. मग जरा वेळानं म्हणाली, असू दे.

आज बटणं हिनंच लावली. काजं परत लहान शिवलीत.

तुझा
धाकटा

भावांनो, पत्रं इथं संपली. आता काम सांगते.

तुमचा उसना पंच हा तुमचा मोठेपणा आहे. मी आयुष्यभर एकीवर बोलले, त्यातलं एकही वाक्य त्याच्या पासंगाला पुरणार नाही. पण तो मोठेपणा तुम्ही खणात लपवून ठेवलात आणि त्याचा फायदा फुकटात कुणाला झाला ते बघा. ज्या चाकांनी माणसं निकामी केली, त्या चाकांच्या मालकाकडं निकामी माणूस एकही नाही. बोर्ड म्हणतं माप पूर्ण, मुकादम म्हणतो माप पूर्ण, आणि तुमच्या घरी दोन्ही हातांनी कप उचलला जातो. तुम्ही सोबत्याला सांभाळलंत, पण त्याचं दुखणं पुसूनही टाकलंत, आणि पुसता पुसता ते स्वतःच्या बोटांवर घेतलंत. आज सतरा नंबरची पेन्शन अडली आहे. उद्या उंट त्याच खिडकीत उभा राहील आणि त्याला तेच वाक्य दाखवतील.

खोटा धीर देणार नाही. चौकशी लागू शकते, पगार कापला जाऊ शकतो. एकटा गेला तर त्याला धरतील हे मला दिसतं. आख्खी शेड गेली तर धरायचं कुणाला, हा प्रश्न त्यांना पडेल, आणि तो त्यांनाच पडू दे. तुम्ही चोरी केलेली नाही. घासलेला प्रत्येक व्हॉल्व्ह खरा आहे, फक्त त्यावरचा नंबर दुसऱ्याचा आहे.

उंटाला मी स्वतः भेटले. तो येतोय. खिशाबाहेर हात काढून येतोय. माझा भाऊ ह्यावेळी शर्टाची बटणं उघडी ठेवून बसणार आहे.

बारा मेला सकाळी पाळीवर जायच्या आधी पेन्शन ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर या. घोषणा नकोत, फलक नकोत. ज्या ज्या हातानं सतरा नंबरचा पंच मारलाय, त्यानं बोर्डासमोर उभं राहायचं, आपला स्वतःचा नंबर सांगायचा आणि म्हणायचं, “ते मी घासलंय.”